चालताना पोटरी भरून येते : दुखेपर्यंत चाललं की नव्या केशवाहिन्या खरंच फुटतात का?

शेवंती
मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, आज मदत हवी आहे म्हणून धागा काढतेय.

बाबा ६८ वर्षांचे. वाईच्या आसपासच्या गावांत ३४ वर्षं टपाल वाटलं, निम्मं सायकलवर, निम्मं पायी. अंतर ते अजून दारांत मोजतात. गेल्या दिवाळीपासून घरातून निघाले की तेराव्या दारापाशी उजवी पोटरी दगडासारखी होते. दोन मिनिटं नुसते उभे राहिले की मोकळी. पुन्हा निघाले की पुन्हा तेच. १४ वर्षं मधुमेह आहे, विडी सोडून ६ वर्षं झाली. आम्ही आधी संधिवात समजलो, मग कंबरेची नस. शेवटी साताऱ्याला एका डॉक्टरांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजला. उजव्या पायाचा एबीआय (घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब) ०.६८ आला, डॉपलरमध्ये (ध्वनिलहरींच्या तपासणीत) मांडीतली धमनी अरुंद दिसली. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रोज चाला. दुखायला लागलं तरी थोडं रेटा, मग थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. स्नायूत नव्या केशवाहिन्या तयार होतील."

यावरून घरात दोन तट पडलेत. थोरले काका म्हणतात, जिथे रक्तच पोचत नाही त्या पायाला आणखी राबवायचं म्हणजे उपाशी बैल औताला जुंपायचा. बाबांनाही तेच पटतंय, खुर्ची सोडत नाहीत. मला विचारायचंय ते असं : नव्या केशवाहिन्या हे धीर द्यायला बोललेलं वाक्य आहे की खरंच तसं होतं? आणि मोठी धमनीच अरुंद असेल तर बारीक वाहिन्या वाढून उपयोग काय?

मेतकूट
वाचतेय. आमच्या यजमानांचंही असंच चाललंय, त्यांना मात्र उभं राहून बरं वाटत नाही, बसावंच लागतं.

नाडीवैद्य
शेवंती, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. मी फिजिशियन आहे, असे रुग्ण रोज बघतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण या आजाराचं अगदी ठळक लक्षण आहे : ठरावीक अंतरावर दुखणं, उभं राहिल्यावर दोन-पाच मिनिटांत जाणं. एबीआय साधारण १ ते १.४ असावा, ०.९ च्या खाली आला की पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतो.

मेतकूट, तुमच्या यजमानांना बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असेल तर कण्यातल्या नसांवरचा दाब आधी तपासून घ्या. तो वेगळा आजार, उपचारही वेगळे. आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

एक गोष्ट मधुमेहींच्या घरच्यांनी लक्षात ठेवा : धमनीची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल तर पट्टा कितीही आवळला तरी ती दबत नाही आणि एबीआय खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

थेटबोल
मी असहमत. धमनी अरुंद आहे हे कळलंय ना? मग फुगा घालून उघडा आणि मोकळे व्हा. पाइपात कचरा अडकल्यावर कोणी नळ जास्त वेळ चालू ठेवत नाही. आणि शरीरात १ लाख किलोमीटर रक्तवाहिन्या आहेत, त्यात चार नव्या वाढल्या तर काय फरक पडणार?

लांबपल्ला
थेटबोल, फरक पडतो हो. ४४ व्या वर्षी पळायला सुरुवात केली तेव्हा यवतेश्वरचा चढ अर्धाही होत नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत वजन तेवढंच, नाडीचे ठोके जवळपास तेवढेच, पण पाय जड होणं थांबलं. आमचे प्रशिक्षक म्हणायचे, "फुप्फुस आणि हृदय लवकर जागं होतं, पायातली गटारं-पाट खोदायला वेळ लागतो." सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या २१ किलोमीटरमध्ये ते वाक्य दर वर्षी आठवतं. शास्त्र काय आहे ते जाणकार सांगतील.

पेशीपुराण
शास्त्र सांगते. माझं कामच स्नायूंच्या नमुन्यांवर आहे आणि काही काळ कोपनहेगनला होते, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

आधी चित्र डोळ्यांपुढे आणा. स्नायू म्हणजे लांब तंतूंची जुडी, एकेक तंतू साधारण केसाएवढा जाड. त्या तंतूंना लगटून, त्यांच्याच दिशेने केशवाहिन्या जातात. एकेका तंतूला तीन-चार-पाच केशवाहिन्या टेकलेल्या असतात आणि प्रत्येक केशवाहिनी शेजारच्या तंतूंनाही पुरवते. भिंत एका पेशीची, पोकळी ५-६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लाल रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची, म्हणजे ती दुमडूनच आत शिरते. व्यायाम न करणाऱ्या माणसाच्या मांडीच्या स्नायूत आडव्या छेदाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये ३०० च्या आसपास केशवाहिन्या सापडतात. बारीक मोहरी मधोमध कापली तर जेवढा छेद दिसेल, जवळपास तेवढ्या जागेत!

आता थेटबोल यांचा १ लाख किलोमीटरचा आकडा. तो कुठून आला हे सांगण्यासारखं आहे. ऑगस्ट क्रो या डॅनिश शास्त्रज्ञाला केशवाहिन्यांच्या कामासाठी १९२० चं नोबेल मिळालं. त्याने प्राण्यांच्या रक्तात काळी शाई सोडली आणि स्नायूंच्या छेदांत शाई भरलेल्या वाहिन्या मोजल्या. माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू आणि दर चौरस मिलिमीटरला २,००० केशवाहिन्या आहेत असं धरलं तर लांबी १ लाख किलोमीटर होईल, असं त्याने लिहिलं. तो "धरलं तर" पुढच्या पुस्तकांनी गाळून टाकला. सामान्य माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू नसतात आणि २,००० केशवाहिन्याही नसतात. अलीकडच्या हिशेबात हा आकडा ९,००० ते १९,००० किलोमीटरच्या घरात येतो.

शेवंतीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, नव्या केशवाहिन्या खरंच फुटतात, आणि हे माणसांत मोजलेलं आहे. १९७७ मध्ये आंडरसन आणि हेन्रिकसन यांनी तरुणांना ८ आठवडे, आठवड्यातून ४ दिवस, रोज ४० मिनिटं सायकल चालवायला लावली. मांडीत जाड सुई घालून स्नायूचा कण आधी आणि नंतर घेतला. केशवाहिन्या दर चौरस मिलिमीटरला ३२९ वरून ३९५ झाल्या, म्हणजे २० टक्के वाढ. ती २० टक्के वाढ मला अजून थक्क करते.

बंडू_पुणेकर
लाल पेशी दुमडून जातात हे वाचून संध्याकाळच्या वेळी दादरच्या जिन्यावरून अंग चोरून उतरणारी माणसं आठवली. फार छान लिहिताय, येऊ द्या अजून.

मेतकूट
अवांतर : आमच्या शाळेच्या पुस्तकात धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणायचे. "रोहिणी हृदयापासून दूर नेते, नीला हृदयाकडे आणते." वर्गात रोहिणी नावाच्या दोन मुली होत्या आणि नीला एक, त्यामुळे धडा कोणी विसरलं नाही. दोघींना जोडणाऱ्या केशवाहिन्यांवर मात्र फक्त दोन ओळी होत्या!

नाडीवैद्य, धन्यवाद. कण्याचा एमआरआय करायला सांगितलाय असं यजमान आत्ता कबूल करताहेत. चिठ्ठी पाकिटात होती.

शेवंती
पेशीपुराण, खूप आभार. पण ती तरुण मुलं होती. माझे बाबा ६८ चे.

पेशीपुराण
६०-७० वयाच्या स्त्रीपुरुषांवरही झालंय. १९९२ चा अमेरिकेतला अभ्यास, ९ ते १२ महिने भरभर चालणं आणि हळू धावणं. नमुना पोटरीच्याच स्नायूचा होता. वाढ साधारण पाचव्या हिश्शाची, म्हणजे तरुणांइतकीच. वेळ जास्त लागला, पण ते निरोगी होते हे आधीच सांगून ठेवते.

आता हे होतं कसं. स्नायू काम करतो तेव्हा त्यातून रक्त जोरात वाहतं आणि वाहिनीच्या आतल्या अस्तराला घासतं. ते घासणं, तंतूंची ओढाताण आणि प्राणवायूची तात्पुरती चणचण या तिन्हींमुळे स्नायू व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. त्या प्रथिनाच्या सांगण्यावरून वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी जाग्या होतात. कधी बाजूने कोंब फुटतो, कधी एकाच वाहिनीच्या आत पडदा उभा राहून तिच्या दोन होतात. चणचण पेशीला कळते कशी, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

म्हणून "थोडं दुखेपर्यंत" या शब्दांना अर्थ आहे. काकांना सांगा, बैल उपाशी आहे हे खरं, पण वैरणीची हाक त्याने मारल्याशिवाय गोठ्यात कोणाला कळत नाही.

कोकणकडा
हे वाचून विचारतो. मी दोनदा हिमालयात ५,००० मीटरच्या वर राहून आलो. तिथे प्राणवायूच कमी, मग नुसतं तिथे राहून केशवाहिन्या वाढत असतील ना? आमच्या ग्रुपमध्ये सगळे असंच म्हणतात.

पेशीपुराण
कोकणकडा, या प्रश्नात आमच्याच क्षेत्रातली माणसं बरीच वर्षं अडकली होती. हिमालयातल्या मोहिमांवरून परतलेल्या गिर्यारोहकांचे स्नायू तपासले तेव्हा दर चौरस मिलिमीटरला केशवाहिन्या जास्त दिसल्या. पण तंतूच बारीक झाले होते! अंगातला स्नायू झडला, केशवाहिन्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून त्या दाट दिसू लागल्या. वर्गात मुलं तेवढीच आणि खोली लहान केली तर गर्दी वाढल्यासारखी वाटते, तसं. म्हणून आम्ही घनतेबरोबर एका तंतूमागे केशवाहिन्या किती हेही मोजतो. आजारी स्नायूत तर हे हटकून करावं लागतं, कारण तिथे तंतू आधीच झडलेले असतात आणि घनता एकटी बघितली तर सगळं ठीक वाटतं.

थेटबोल
१ लाखाचा आकडा मागे घेतो, माहितीबद्दल आभार. पण शेवंतीच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही. मोठी धमनी अरुंद, मग खाली जाळं वाढवून काय मिळणार? माझ्या मोठ्या भावाच्या पायाचं दुखणं आम्ही चालण्यावर निभावून नेलं आणि एक वर्षाने अंगठा काढावा लागला. म्हणून माझा सूर तसा आहे.

नाडीवैद्य
थेटबोल, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमची काळजी रास्त आहे, म्हणून कुठे थांबायचं ते स्पष्ट लिहितो. रात्री आडवं पडल्यावर पाऊल ठणकतं आणि पलंगाखाली लोंबतं सोडल्यावर बरं वाटतं, बोटावरची जखम दोन आठवड्यांत भरत नाही, बोट काळं-निळं पडतं, किंवा पाय अचानक गार-पांढरा पडून दुखतो : यातलं काहीही असेल तर चालण्याचे प्रयोग करायचे नाहीत. रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जायचं, आणि अचानक गार पडलेल्या पायाला तर त्याच तासाला. तिथे फुगा किंवा बायपास पाय वाचवतो.

पण ज्याला फक्त चालताना दुखतं, त्याला जगभर आधी चालण्याचाच कार्यक्रम देतात. जोडीला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), रक्त गोठू न देणारी गोळी, साखर आणि रक्तदाब ताब्यात, तंबाखू पूर्ण बंद. आठवड्यातून किमान ३ दिवस, दर खेपेला थांबे धरून ३० ते ५० मिनिटं, निदान १२ आठवडे. दुखणं मध्यम झालं की थांबायचं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत नाही. सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यायची, कारण पायाच्या धमन्या अशा असतील तर हृदयाच्याही असू शकतात.

तंबाखूबद्दल एक वेगळं लिहितो. तिशी-चाळिशीतली विडी ओढणारी माणसं काळी बोटं घेऊन येतात, त्यांना बऱ्याचदा बर्गरचा आजार असतो, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या वाहिन्या सुजून बंद पडणं. १९०८ मध्ये लिओ बर्गरने त्याचं सविस्तर वर्णन केलं. तिथे विडी सुटली तर पाय राहतो, नाही सुटली तर कोणतीही शस्त्रक्रिया फार दिवस टिकत नाही.

पेशीपुराण
थेटबोल यांचा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून मी टाळत होते असं नाही, विचार करत होते.

वाईकरांना धोमच्या कालव्याच्या भाषेत सांगते. कालव्याचं दार अर्धं बंद आहे. शेतात सऱ्या वाढवल्या म्हणून कालव्यात जास्त पाणी येणार नाही, हे तुमचं बरोबर. आणि खरंच, चालण्याच्या कार्यक्रमानंतर रुग्ण दुखल्याशिवाय बराच लांब चालतो, पण एबीआय फारसा बदलत नाही. म्हणजे दार उघडलेलं नसतं. तरी पीक सुधारतं, कारण येईल ते पाणी मुळांजवळ जास्त ठिकाणी पोचतं आणि मुळंही त्याचा नीट उपयोग करायला शिकतात. तंतूत प्राणवायू वापरणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, वाहिन्यांचं अस्तर सुधारतं, चालण्याची ढब बदलते. बंद दाराला वळसा घालून जाणारे जुने आडपाट थोडे रुंद होतात, पण ती वाट केशवाहिन्यांपेक्षा मोठ्या वाहिन्यांची, तिची यंत्रणा वेगळी.

अशा पोटरीत केशवाहिन्या नेमक्या कमी असतात का? काही अभ्यासांत कमी सापडल्या, काहींत निरोगी माणसाइतक्या, काहींत उलट जास्त. आजार कोणत्या टप्प्यावर आहे आणि माणूस किती चालत होता यावर ते बदलतं. व्हीईजीएफचं जनुक थेट पायात टोचून बघितलं, त्यातून आशा होती तेवढा फायदा मिळाला नाही. शरीराला ते प्रथिन योग्य जागी, योग्य वेळी लागतं. चालताना स्नायू ते स्वतः ठरवतो.

मधुमेहात आणखी एक भानगड आहे. केशवाहिनीच्या भिंतीबाहेरचं पातळ अस्तर जाड होतं. १९६८ मध्ये मधुमेहींच्या मांडीच्या स्नायूत ते मोजून दाखवलं होतं. आणि जेवणानंतर इन्सुलिन स्नायूच्या बारीक वाहिन्यांतला रक्तप्रवाह वाढवतं, तेव्हाच साखर तंतूंपर्यंत नीट पोचते. हे काम मधुमेहात मंदावतं. ज्यांच्या स्नायूत केशवाहिन्या दाट, त्यांच्यावर इन्सुलिनचा परिणाम चांगला, हेही दिसलंय. म्हणून बाबांची शतपावली साखरेसाठीही मोलाची आहे.

लांबपल्ला
इन्सुलिन आलं म्हणून विचारतो, क्रो आणि इन्सुलिनचा काही संबंध होता ना?

पेशीपुराण
होता, आणि कोपनहेगनला असताना हे ऐकून मी दिवसभर त्याच विचारात होते. क्रोची पत्नी मारी स्वतः डॉक्टर आणि संशोधक. तिला मधुमेह होता. १९२२ मध्ये क्रो केशवाहिन्यांवर व्याख्यानं द्यायला अमेरिकेला गेला, मारी बरोबर होती. कॅनडात इन्सुलिन नुकतंच सापडलं होतं. मारीने आग्रह धरला, क्रो टोरांटोला गेला आणि डेन्मार्कमध्ये इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊन आला. १९२३ मध्ये तिथल्या रुग्णांना ते मिळू लागलं. नोव्हो नॉर्डिस्क या आजच्या कंपनीचं एक मूळ तिथे आहे. केशवाहिन्या मोजणाऱ्या माणसाच्या घरातून इन्सुलिन डेन्मार्कमध्ये उतरलं!

क्रोचं एक म्हणणं मात्र पुढे बदललं. विश्रांतीत बहुतेक केशवाहिन्या बंद असतात आणि कामाला लागल्यावर उघडतात असं त्याला वाटलं होतं. जिवंत स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं की विश्रांतीतही बहुतेकांत रक्त वाहत असतं. काम सुरू झालं की त्यातल्या लाल पेशींचा वेग आणि गर्दी वाढते. पुरवठ्याचं दार केशवाहिनीत नाही, तिच्या आधीच्या छोट्या धमनीत आहे.

पारिजातक
विषय थोडा वेगळा, पण इथेच लिहावंसं वाटतंय. माझ्या धाकट्या बहिणीला ३१ व्या वर्षी मांडी घालून बसलं की उठता येईना. वेणी घालताना हात वर टिकेना. पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे. सगळे म्हणाले अशक्तपणा, खजूर खा. पाच महिने गेले. मग एका ज्येष्ठ डॉक्टरीणबाईंनी भिंगाने नखांच्या मुळाशी बघितलं आणि म्हणाल्या, "हिच्या केशवाहिन्या बघा, कुठे फुगल्यात, कुठे नाहीशाच झाल्यात." डर्मॅटोमायोसायटिस निघालं. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्नायूतल्या केशवाहिन्यांवर उलटते, त्या आधी मरतात आणि जुडीच्या कडेचे तंतू त्यांच्यामागून झडतात, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तो कागद अजून फाइलमध्ये आहे. स्टेरॉइड आणि व्यायामावर ती आज जिने चढते. स्नायूचा आजार म्हटलं की सगळे स्नायूच बघतात, म्हणून लिहिलं.

मेतकूट
पारिजातक, बहिणीला आशीर्वाद सांगा.

बंडू_पुणेकर
आजपासून आजीची नखं बघणार. शेवंती, बाबा चालायला लागले का?

नाडीवैद्य
बंडू, भिंगाने बघून घरी निदान करू नका, पण पावलं रोज बघा. मधुमेहींना बधिरपणा असतो, खडा टोचलेला कळत नाही. आणि पोटरी दुखते म्हणून गरम पाण्याची पिशवी अजिबात लावू नका, भाजलेलं कळत नाही आणि अशा पायावरची जखम भरत नाही. चालताना बंद बूट, सुती मोजे.

शेवंती (तीन महिन्यांनी)
मंडळी, उशीर झाला, माफ करा. हृदयाची तपासणी ठीक आली. हा सगळा धागा बाबांना आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवला. क्रोच्या बायकोची गोष्ट बाबांनी दोनदा वाचायला लावली, ते रोज इन्सुलिन घेतात म्हणून. कालव्याच्या दारावर काका गप्प झाले. ते पाटकरी होते, हे लिहायचं राहिलं होतं.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, बाबा चिडायचे. पाचव्या आठवड्यात अठराव्या दारापाशी थांबले. आता काल एकतिसाव्या दारापर्यंत न थांबता गेले आणि घाटावर बसून आले. पोटरी भरून येते, पण उशिरा येते आणि लवकर जाते. एबीआय पुन्हा मोजला, ०.७०. जवळजवळ तोच. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

थेटबोल
एकतीस दारं वाचून बरं वाटलं. डाव्या पायाचा एबीआय किती आहे? तोही मोजून घ्या.

शेवंती
०.९४ आहे. सहा महिन्यांनी दोन्ही पुन्हा मोजायचेत. आणि पावलं रोज संध्याकाळी काका बघतात, बॅटरी घेऊन.